डाव्या बाजूचं उत्तर

लहदो आणि त्याचा मेव्हणा बर्सौमो बावीस वर्षं एकमेकांशी बोलले नाहीत. पण त्या बावीस वर्षांत असा एकही दिवस गेला नाही, की एकानं म्हटलेल्या कडव्याला दुसऱ्यानं उत्तर दिलं नाही. सकाळ-संध्याकाळ, उन्हात, बर्फात, कापणीच्या घाईत. कफरतूथो गावात याचं कुणाला नवल वाटेनासं झालं होतं. परगावचा पाहुणा आला की त्याला हे दोघे दाखवायचे, जशी गावातली जुनी विहीर दाखवतात.

आमच्या चर्चमध्ये वेदीच्या पडद्यासमोर दोन उंच लाकडी चौरंग आहेत, एक उजवीकडे आणि एक डावीकडे. दोन्हींवर हातानं लिहिलेली जाडजूड पुस्तकं. गीताचं पहिलं कडवं उजव्या बाजूनं म्हणायचं, दुसरं डाव्या बाजूनं, तिसरं परत उजव्या. एकाच बाजूनं सगळं म्हणून टाकलं तर ते म्हटलं असं कुणी धरतच नाही. पूर्वी एकेका चौरंगाभोवती पंधरा-पंधरा शमोशो उभे असायचे. शमोशो म्हणजे गीतं म्हणण्यासाठी बिशपांनी डोक्यावर हात ठेवून नेमलेली गावातलीच माणसं. दिवसभर गवंडीकाम, शेती, मेंढरं, आणि दोन वेळा चौरंगापाशी. मग गाव गळायला लागलं. कुणाच्या द्राक्षमळ्याला आग लागली, कुणाचा जावई मिदयात शहराच्या रस्त्यावरून नाहीसा झाला, कुणाला जर्मनीतून भावाचं पत्र आलं. चाळीस घरांची सहा उरली. उजव्या चौरंगापाशी उरला लहदो पाथरवट आणि डाव्या चौरंगापाशी बर्सौमो मळेवाला.

दोघं लहानपणी एकाच गुरुजींची छडी खाऊन शिकलेले. लहदोचा आवाज चढा, बर्सौमोचा खालचा आणि खडबडीत. भांडण झाल्यावर लहदोनं त्याचाही उपयोग करून घेतला. सुरुवात करायची पाळी त्याची आली की तो मुद्दाम पट्टी चढवायचा, म्हणजे डाव्या बाजूचा घसा फाटावा. बर्सौमो कधी तक्रार करायचा नाही. जमेल तितकं वर जायचा, नाही जमलं तर कुजबुजल्यासारखं म्हणायचा, पण कडवं सोडायचा नाही. बायका मागून हसायच्या. म्हणायच्या, "आज लहदोनं मेव्हण्याला कुठल्या गच्चीवर चढवलं?"

भांडणाचं कारण हसण्यासारखं नव्हतं.

बावीस हिवाळ्यांपूर्वी लहदोची बायको शमुनी हिला लग्नानंतर अकरा वर्षांनी मुलगा झाला. शमुनी म्हणजे बर्सौमोची धाकटी बहीण. आमच्याकडे बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाला बोलता येत नाही म्हणून त्याचा धर्मबाप त्याच्या वतीनं विश्वासाचा अंगीकार म्हणतो, 'आम्ही एका देवावर विश्वास ठेवतो' इथपासून येणाऱ्या युगापर्यंत, न अडखळता. हा धर्मबाप कुणीही उचलून आणायचा नसतो. घराण्याला घराणं बांधलेलं असतं. लहदोच्या बापाच्या वतीनं, आजाच्या वतीनं, पणजाच्या वतीनं बर्सौमोच्याच घराण्यातल्या कुणीतरी अंगीकार म्हटला होता. ते नातं रक्तापेक्षा घट्ट मानतात, आणि एकदा दुसरा माणूस उभा केला की ते कायमचं तुटतं.

बर्सौमो तेव्हा डोंगरापलीकडच्या गावात द्राक्षांच्या काकवीचे बुधले विकायला गेला होता. बर्फ पडलं, वाट बुजली. मूल चौथ्या दिवशी आजारी पडलं आणि पाचव्या दिवशी गेलं. बर्सौमो सातव्या दिवशी पोचला, तेही दोन माणसांच्या खांद्यावर. उजव्या पायाची दोन बोटं बर्फात गेली होती. तोवर मुलाला पुरून झालं होतं, दफनभूमीच्या भिंतीबाहेर, एकही गीत न म्हणता. बाप्तिस्मा नाही तर नाव नाही, नाव नाही तर गीत नाही. अकरा वर्षांनी झालेलं लेकरू कोंबडीच्या पिलासारखं मुकाट्यानं मातीत गेलं. शमुनी अंथरुणात तापानं फणफणली होती. कुदळीचा आवाज तिला घरात ऐकू आला, एवढंच.

लहदोनं दारातच बर्सौमोला अडवलं. "आता कशाला आलास?" एवढंच म्हणाला. पुढची बावीस वर्षं बर्सौमोशी बोललेलं त्याचं ते शेवटचं वाक्य.

गावानं लहदोचीच बाजू घेतली. म्हातारे कशो गबरो, म्हणजे तेव्हाचे आमचे पाद्री, नियमाला कडक म्हणून सगळ्यांना ठाऊक होते. "घराण्याचा धर्मबाप आल्याशिवाय मी बाप्तिस्मा देणार नाही, असं कशोच म्हणाले," असं लहदोनं शमुनीला सांगितलं, आणि शमुनीनं गावाला. लोक म्हणाले, कशोंना काय बोलायचं, ते पडले नियमाचे. पण धर्मबापानं बाळंतपणाच्या आठ दिवस आधी घरी यायला नको? शमुनीनं सख्ख्या भावाच्या अंगणात पाय टाकणं सोडलं. विहिरीवर भावजय दिसली की ती घागर घेऊन माघारी वळायची.

यातली खरी गोष्ट कशो सोडले तर फक्त लहदोला माहीत होती. कशो गबरो असं म्हणालेच नव्हते. मूल आजारी पडलं त्या दिवशी भर दुपारी ते स्वतः गुडघाभर बर्फातून लहदोच्या दारात आले होते आणि म्हणाले होते, "लहदो, मूल टिकणार नाही. शेजारचा कुंभार बोलाव, नाहीतर मेंढपाळ बोलाव, कुणीही चालेल. कुणी नसेल तर मी एकटा करतो. पाणी तेवढं तापव." आणि लहदो म्हणाला होता, "नको. चार पिढ्यांचं नातं मी कुंभारासाठी तोडू? बर्सौमो उद्यापर्यंत येईल. उद्यापर्यंत टिकेल पोर." कशो दोनदा म्हणाले. तिसऱ्यांदा म्हणाले नाहीत. माघारी गेले.

पोर उद्यापर्यंत टिकलं नाही. बायकोनं डोळे उघडून "का थांबलात?" असं विचारलं, तेव्हा लहदोच्या तोंडून पहिल्यांदा जे निघालं ते खोटं होतं, आणि एकदा निघालेलं परत घेता आलं नाही. कशोंच्या कानावर ते गेलंच असणार. पुढच्या रविवारी चर्चमध्ये त्यांनी लहदोकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली. तीन वर्षांनी ते वारले आणि लहदोला, लाज वाटते सांगायला, पण हायसं वाटलं.

माणूस वाईट नव्हता तो. गावातल्या निम्म्या चौकटी त्यानं बसवलेल्या, म्हाताऱ्या बायकांचं काम फुकट करायचा. पण सगळा दोष बर्सौमोवर टाकून तो बर्सौमोवर खरोखरच चिडायला शिकला. रोज थोडं थोडं चिडलं की खोटंसुद्धा खरं वाटायला लागतं. फक्त रविवारी, अंगीकाराच्या वेळी, पडद्यामागून पाद्री पहिले शब्द म्हणायचे आणि पुढचं दोन्ही चौरंगांनी मिळून म्हणायचं असायचं, तेव्हा ते जमायचं नाही. तो डोळे मिटून भराभर म्हणून टाकायचा.

यंदा द्राक्षांची तोड संपली आणि बातमी आली. बर्सौमो चालला. मुलगा जर्मनीत आउग्सबुर्गला गाड्यांच्या कारखान्यात होता, त्यानं आईबापांचे कागद केले होते. गुरुवारी सकाळी निघणार.

शमुनी गच्चीवर द्राक्षरसाच्या पोळ्या वाळत घालत होती. लहदो जिना चढून आला तसं तिनं वर न बघता म्हटलं, "कळलं का?"

"काय?"

"काय म्हणे! अख्ख्या गावाला कळलंय. दादा चाललाय."

"जाईना का. सगळेच चाललेत."

"सगळे माझे भाऊ नाहीत." तिनं हातातलं फडकं आपटलं. "बावीस वर्षं मी त्याच्या घरी पाणी प्यायले नाही. तुमच्यासाठी. माझ्या पोरासाठी म्हणा हवं तर. पण आता तो तिकडे मरेल आणि मी इथं मरेन. मला नाही जमायचं हे."

"मग जा की भेटायला. मी काय पाय बांधलेत?"

"तुम्ही माफ केल्याशिवाय मी कशी जाऊ? माझ्या एकटीचं होतं का ते पोर?" मग ती हलक्या आवाजात म्हणाली, "अहो, बर्फ काय त्यानं पाडलं होतं? तुम्ही मोठे व्हा ना जरा. एवढं तर म्हणा, की जा बाबा, झालं गेलं विसरलो."

लहदोला तेव्हाच सांगायचं होतं. शपथेवर सांगायचं होतं. पण तिचे हात द्राक्षरसानं लडबडलेले होते, डोळे भरलेले होते आणि ती त्याच्याकडे माफी देणारा म्हणून बघत होती. त्यानं पायातला खडा काढायचं निमित्त केलं आणि खाली उतरला.

दोन दिवस त्यानं ते पुढं ढकललं. मंगळवारी तो बर्सौमोच्या अंगणाच्या भिंतीपर्यंत गेला. आत बर्सौमो काकवीची मोठी कढई उलटी घालून घासत होता, न्यायची नसली तरी. त्याची बायको ओरडत होती, "अहो, कुणासाठी चकचकीत करताय? उंदरांसाठी?" आणि तो म्हणाला, "सवय गं." लहदोला तोंड उघडून हाक मारता येईना. बावीस वर्षं ज्या माणसाशी साधं 'पाणी दे' म्हटलं नाही, त्याला एकदम काय म्हणायचं? कडव्यांतून सोडून त्याच्याशी बोलायची रीतच लहदो विसरला होता. आणि त्यातूनच त्याला सुचलं.

बुधवारी संध्याकाळची प्रार्थना ही बर्सौमोची शेवटची. ऊन अजून खिडकीत होतं. सहाही घरांतली माणसं आली होती. नवे कशो तूमा पडद्याजवळ, दोन चौरंगांपाशी दोघे, मागे जाळीपलीकडे बायका, त्यांत शमुनी आणि चार हात सोडून तिची भावजय. सुरुवात करायची पाळी उजव्या बाजूची.

लहदोनं त्या दिवसाचं पान उघडलंच नाही. मुलांच्या दफनाचं गीत त्याला पाठ होतं. त्या गीतात मूलच बोलतं. आईला सांगतं, दूध राखून ठेवू नकोस, बापाला सांगतं, दार लावून घे. लहदोच्या मनात होतं ते असं, की आज हे गीत दोन्ही बाजूंनी पुरं म्हणायचं, पोराला त्याचं देणं देऊन टाकायचं, आणि शेवटचं कडवं झालं की तिथंच, सगळ्यांसमोर, खरं काय ते सांगायचं. त्यानं पट्टी चढवली नाही. खाली घेतली, बर्सौमोला जमेल अशी.

पहिलं कडवं संपलं. डाव्या बाजूनं उत्तर आलं नाही.

बावीस वर्षांत प्रथमच. कशो तूमा चपापून बघायला लागले. मागून कुणाचा तरी हुंदका आला. लहदोनं मान वर केली. बर्सौमोचा चेहरा पांढरा पडला होता आणि त्यानं पुस्तक मिटलं होतं. लहदोला कळलं, की बर्सौमोनं उलटा अर्थ घेतला. बर्सौमोला वाटलं, जाता जाताही लहदो मला माझा गुन्हा ऐकवतोय.

बर्सौमो चौरंग सोडून लंगडत मधे आला, बाप्तिस्म्याचं दगडी कुंड आहे तिथं. एक हात कुंडाच्या काठावर ठेवला. मूल दुसऱ्या हातावर घेतात तसा दुसरा हात त्यानं छातीशी धरला, रिकामा. आणि खडबडीत आवाजात म्हणाला, "मी बर्सौमो, या बाळाचा धर्मबाप. याचं नाव मलके. याच्या वतीनं सांगतो."

आणि त्यानं सगळा अंगीकार म्हटला. पिता, पुत्र, पवित्र आत्मा, मंडळी, मेलेल्यांचं उठणं, येणारं युग. एकही शब्द गाळला नाही. अशा बाप्तिस्म्याला काही अर्थ नसतो, हे कशो तूमांना ठाऊक होतं. पण ते गप्प राहिले, देव त्यांचं भलं करो. मलके हे नाव गावानं कधी ऐकलं नव्हतं. ते त्यानं कधी ठरवलं आणि इतकी वर्षं कुठं ठेवलं होतं, कोण जाणे.

म्हणून झाल्यावर तो लहदोकडे वळला. "चुकलो रे लहदो. अजून चार बुधले विकून जाऊ म्हटलं, आणि एक दिवस जास्त राहिलो. तो एक दिवस नडला, बर्फानं गाठलं. माफ कर मला."

हीच ती वेळ होती. लहदोचं तोंड उघडलंसुद्धा. 'बर्सौमो, ऐक,' एवढे शब्द त्याच्या जिभेवर होते. तेवढ्यात जाळीचं दार धाडकन उघडलं आणि शमुनी, जी आयुष्यात कधी पुरुषांच्या बाजूला आली नव्हती, ती धावत येऊन भावाच्या गळ्यात पडली. त्याचं तोंड दोन्ही हातांत धरून म्हणाली, "दादा, दादा रे! मलके! किती चांगलं नाव ठेवलंस! म्हाताऱ्या कशोंनीच नाही म्हटलं होतं रे दुसऱ्याला, नाहीतर आम्ही कशाला थांबलो असतो? यांचा काय दोष आणि तुझा तरी काय?" आणि तिनं लहदोचा हात ओढून भावाच्या हातात दिला. "म्हणा ना! तोंड शिवलंय का? म्हणा, माफ केलं!"

सगळे बघत होते. शमुनीचा चेहरा त्यानं असा कधी पाहिला नव्हता, लग्नातसुद्धा.

"माफ केलं," लहदो म्हणाला.

त्या संध्याकाळी लहदोच्या अंगणात गव्हाच्या दलियाचं आणि मटणाचं भांडं चढलं. सहा घरं जेवली. बर्सौमो तीनदा मागून जेवला. त्याची बायको म्हणाली, "बावीस वर्षांची भूक आहे, वाढा!" लहदोनं स्वतः वाढलं. कुणी काही बोललं की तो हसायचा. त्याला वाटत होतं, जेवणानंतर सांगू. मग वाटलं, सकाळी निघताना सांगू.

सकाळी गाडी आली. सामान थोडंच होतं. बर्सौमो पुढच्या सीटवर चढून बसला, आणि काच खाली करून त्यानं लहदोचा हात धरला.

"तुला एक सांगू? तिकडे जायची मला भीती वाटत होती ती थंडीची नाही. हे ओझं घेऊन परक्या मातीत पडावं लागणार, याची. काल पहिल्यांदा झोप लागली मला. तुझे उपकार आहेत."

"कसले उपकार," लहदो म्हणाला. "सांभाळून जा."

ड्रायव्हरनं भोंगा दिला. गाडी मळ्यांमधून खाली उतरली आणि धूळ बसेपर्यंत शमुनी हात हलवत राहिली. लहदो तिच्या शेजारी उभा होता. आता सांगायचं तर कुणाला? बर्सौमोला पत्रानं कळवायचं, म्हणजे त्याची काल लागलेली झोप काढून घ्यायची. शमुनीला सांगायचं, म्हणजे बावीस वर्षं भावाला पारखी झालेल्या बाईला सांगायचं, की ती फुकटच पारखी झाली. जोवर मेव्हण्याशी अबोला होता तोवर खरं बोलायला वाट होती. आता सगळ्यांना सुख झालं होतं आणि ती वाट बंद झाली होती, त्याच्याच एका शब्दानं.

रविवारी मिस्साबलिदान, म्हणजे आठवड्याची मोठी उपासना, होतं. डाव्या चौरंगावर पुस्तक होतं आणि मागे कुणी नव्हतं. लहदोनं आपली कडवी म्हटली; डाव्या बाजूची कशो तूमांनी पडद्याआडून कशीबशी भागवली. मग अंगीकार आला. कशोंनी पहिले शब्द म्हटले आणि पुढचं घ्यायला लहदो एकटा होता.

त्यानं तोंड उघडलं. आवाज फुटला नाही. अडखळला नाही, विसरला नाही. सगळं पाठ होतं, जिभेवर होतं. पण ते शब्द आता कुंडापाशी उभ्या असलेल्या एका लंगड्या माणसाचे झाले होते, आणि आपण ते पुन्हा तोंडात घेतले तर खोट्यात खोटं मिसळल्यासारखं होईल असं त्याला वाटलं. कशो थांबले. लोक थांबले.

मग मागून, जाळीपलीकडून, एका बाईनं पुढचा शब्द उचलला. शमुनी होती ती. मोकळ्या गळ्यानं म्हणत होती, आणि बाकीच्या बायका तिच्या मागोमाग. इतक्या वर्षांत तिचा आवाज चर्चमध्ये कुणी एवढा वर ऐकला नव्हता. शेवटपर्यंत त्यांनीच म्हटलं. लहदो पुस्तकाकडे बघत उभा राहिला.

घरी जाताना तिनं त्याच्या कोपराला हात लावला. वाटेवर माणसं होती तरी लावला.

"आवाज का बसला हो? दादाची आठवण आली ना?"

"हो."

"येणारच. बावीस वर्षं उत्तर देत होता तो तुम्हाला. पण एक बरं झालं. मनात काही ठेवून नाही गेला. सगळं मिटलं."

"हो," लहदो म्हणाला. "मिटलं."